दाराजवळचं जेन

"उस्ताद, दुसऱ्याच्या नावावर गेलेली वाहवा परत कशी मागायची?"

इमामसाहेब पिंजारी अंगणात लोकर पिंजत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाची वाहवा?"

"माझी."

"कुणाच्या नावावर गेली?"

मृदुला आजगावकर त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "सुलाबाईच्या."

मृदुला कोल्हापुरात लोकांची घरं, कचेऱ्या, दालनं सजवायची. सहा वर्षांपूर्वी ती जत तालुक्यातल्या या गावात पहिल्यांदा आली ती इमामसाहेबांचं जेन बघायला. जेन म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीचं जाड अंथरूण. त्याला माग नाही, धागा नाही. पिंजलेल्या लोकरीचे थर साबणाच्या पाण्यानं भिजवून, चटईत गुंडाळून, हातांनी दाबून दाबून ते एकजीव करायचं. बघायला आलेली मृदुला शिकायला राहिली. दर महिन्याला चार दिवस यायची. तिची जेनं आता बड्या घरांच्या भिंतींवर होती.

सुलाबाई मेटकरी मेंढपाळाची बायको. लोकर विकायला यायची. आठ महिन्यांपूर्वी एकदा उस्तादांच्या शेजारी बसली आणि उठलीच नाही, शिकतच राहिली.

"सांग," उस्ताद म्हणाले.

मृदुलानं सांगितलं.

मिरजेच्या एका गानशाळेचं दालन तिनंच सजवलं होतं. नवी इमारत, गुळगुळीत भिंती. गायला बसलं की आवाज घुमायचा. मृदुलानं भिंतींना जेन लावायचं सुचवलं. रंग द्यायचा नाही. काळी, करडी, तपकिरी, मेंढीच्या अंगावर जशी असते तशीच लोकर. उस्तादांकडून अकरा जेनं गेली. कुठलं कुठं लावायचं हे उस्तादांनी ठरवलं. गाणाऱ्याच्या पाठीमागची मधली भिंत सुलाबाईला. मृदुलाचं जेन दाराशेजारी.

"मी सहा वर्षं शिकतेय," मृदुला म्हणाली. "ती आठ महिने. तिच्या कडा सरळ येत नाहीत. तिच्या जेनात एकदा कुसळ सापडलं होतं. आणि दालन माझं होतं, उस्ताद. माझं!"

"मग?"

मृदुला पायाशी सांडलेली लोकर चिवडत राहिली.

"मग काय केलंस?"

"सुताराला सांगून बदललं. तिचं दाराशी, माझं मध्ये."

लोकर पिंजायच्या धनुकलीची तात थांबली.

"नाव तर कुठं लिहिलेलं नव्हतं," मृदुला भराभर बोलत राहिली. "वाटलं, कुणी विचारलं की सांगू, हे माझं म्हणून. पण तुम्ही शाळा चालवणाऱ्या अनसूयाबाईंना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतंत की मधलं सुलाबाईचं आहे. काल उद्घाटनाला त्या तिथं बसून गायल्या. गाणं संपल्यावर मागं वळल्या, जेनाकडं बघून म्हणाल्या, आज पहिल्यांदा माझा आवाज मला नीट ऐकू आला. आणि सगळ्यांसमोर सुलाबाईला उभं केलं. शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

तिचा आवाज चिरकला.

"माझ्या जेनाच्या टाळ्या, उस्ताद! आणि मी दाराजवळ उभी राहून त्या वाजवत होते."

उस्तादांनी धनुकली बाजूला ठेवली.

"तिनं हात जोडले आणि खाली बसली. तिला स्वतःचं काम ओळखूसुद्धा आलं नाही! अशा बाईला तुम्ही मधली भिंत दिलीत."

उस्तादांनी घराच्या मागच्या बाजूला हाक मारली. "सुला!"

सुलाबाई आली. हात कोपरापर्यंत साबणानं ओले. मृदुलाला बघून तिनं पदर सारखा केला.

"काल मध्ये लावलेलं जेन कुणाचं होतं?" उस्तादांनी विचारलं.

सुलाबाईनं एकदा मृदुलाकडं बघितलं. मग जमिनीकडं.

"ताईंचं."

मृदुला ताठ झाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"कार्यक्रमाच्या आधी हात लावून बघितला. तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बोलले असते तर समद्यांनी इचारलं असतं, कुणी बदललं." तिनं ओले हात पदराला पुसले. "तुमी दारापाशी हुबा हुता. तुमचं त्वांड बघवंना मला."

"म्हणून शाल घेतलीत?"

"खोटं कशाला बोलू, ताई. घेताना गोड लागली. पोरींच्या टाळ्या, फोटो... आमच्या घरात कुणाला शाल मिळालीय? पण राती भाकरी गेली न्हाई. शाल आणलीय मी. त्या पिशवीत हाय. तुमची तुमी घ्या."

मृदुलानं पिशवीकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

मागं गोठ्यात एक कोकरू ओरडलं आणि गप्प झालं.

"उस्ताद," मृदुला हळू म्हणाली, "मी हिच्या जागी असते तर बोलले असते. तिथल्या तिथं. हिनं माझी चूक झाकली. आता मला याचाही हेवा वाटतोय. भिंतीचा वाटला त्याहून जास्त. याचं काय करू?"

उस्ताद उठले. पिंजलेल्या लोकरीचे थर त्यांनी चटईवर पसरले, साबणाचं कोमट पाणी शिंपडलं, चटई गुंडाळली, दोरीनं बांधली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.

"बसा."

दोघी समोरासमोर बसल्या. सुलाबाईनं लोटलं की मृदुलानं अडवायचं, मृदुलानं लोटलं की सुलाबाईनं. पहिल्यांदा जमेना. मृदुला जोरात लोटत होती, गुंडाळी तिरकी जात होती.

"दमानं, ताई," सुलाबाई म्हणाली.

मृदुलानं ओठ चावला. पण हात सैल केले.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. दोघींच्या कोपरांवर फेस, कपाळावर घाम. कधीतरी मृदुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात गुंतलेले, त्यामुळं पुसता येईना. सुलाबाईनं बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

उस्तादांनी दोरी सोडली. लोकर एकजीव झाली होती.

मृदुलानं हात धुतले. पिशवीतली शाल काढून तिनं सुलाबाईच्या मांडीवर ठेवली.

"ही राहू दे तुमच्याकडं. मी आज मिरजेला जाते. अनसूयाबाईंना सांगते, मी काय केलं ते. जेनं परत जागेवर लावून येते."

"म्या पन येते," सुलाबाई म्हणाली.

मृदुलानं तिच्याकडं बघितलं. मग होकारानं मान हलवली.

दोघी निघाल्या. कुंपणापाशी मृदुला वळली. इतका वेळ दाबून धरलेलं तोंडात आलंच.

"उस्ताद, एकच सांगा. खरं सांगा. कुणाचं जेन चांगलं होतं?"

"तुझं."

ती परत आत आली.

"मग मला दाराशी का लावलंत?"

उस्ताद ओल्या जेनाची कड बोटांनी चाचपत होते.

"मधल्या भिंतीला कोण हात लावतं, पोरी? दारात मात्र आल्यागेल्याचा हात पडतो... त्याला टिकेल असं माझ्याकडं एकच होतं."