पाणवठ्यावरचा पहारा

फार पूर्वी एका रानात सगळे प्राणी पाणवठ्यावर जमायचे आणि सिंहराजाबद्दल मोकळेपणी कुरकुरायचे. सिंहाला ते खुपलं. त्याने जमायला बंदी घातली आणि पहाऱ्यावर रानकुत्रे बसवले.

एक रानडुकरीण तिथे गाऱ्हाणं सांगत थांबली, तर कुत्र्यांनी तिचं पिल्लू मारलं. दुसऱ्या दिवशी एक कुत्रा झुडपात पोट फाडलेला सापडला. सिंहाने पहारा वाढवला, तशी आणखी प्रेतं पडू लागली. आता पान हललं तरी सिंह दचकायचा.

शेवटी त्याने म्हाताऱ्या सांबराला विचारलं, "पूर्वी हे नुसते कुरकुरायचे ना रे?"

"हो महाराज," सांबर म्हणालं, "तेव्हा कुरकुरता येत होतं."

सिंहाने पाण्याकडे पाहिलं. तहान लागली होती, पण त्याचं पाऊल उचलेना.