झाडाला पाय नसतात

“रडणं हा आजार आहे का, महाराज? असेल तर तिला बरं करा.”

त्र्यंबक हिंगमिरे बसता बसताच बोलले. पायांवरची धूळही त्यांनी अजून झटकली नव्हती.

केवलगिरी महाराजांनी मान वर केली. बालाघाटाच्या डोंगरात हा लहानसा मठ. एक खोली, पुढे ओसरी, अंगणात खिरणीचं जुनं झाड. त्र्यंबक पोरवयात इथंच वाढले, महाराजांच्या हाताखाली शिकले आणि पुढे वनस्पतींचे मोठे संशोधक झाले. महाराज आता फार थकले होते. त्यांना माणूस आवाजावरून ओळखावा लागे.

“कोण रडतं?”

“इंदू. माझी बायको. बाहेर झाडाखाली बसलीय. आत यायला तयार नाही.”



कार्तिकात त्र्यंबक आणि इंदूची मुलगी शाल्मली गेली होती. एकुलती एक. शिकायला लांब होती. वसतिगृहात ताप आला, तो उतरलाच नाही. आईवडील पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आता वैशाख लागला होता.

“सकाळी उठली की रडते. ताट पुढं आलं की रडते. पोरीची ओढणी उशाला घेऊन झोपते. किती समजावलं... काही उपयोग नाही.”

“आणि तू?”

“मी लगेच कामावर गेलो. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.” त्र्यंबकांची मान किंचित ताठ झाली. “तुमचा शिष्य आहे मी. तिला चार शब्द सांगा. तुमचं ऐकेल.”

“सांगू... सांगू. तू सध्या कसलं काम करतोस?”

हा प्रश्न त्र्यंबकांना बरा वाटला. ते सावरून बसले.

“झाडं एकमेकांना निरोप कसे देतात, त्याचं.”

“देतात?”

“देतात. अळीनं पान कुरतडलं की झाड एक वास सोडतं. आपण गवत कापलं की दरवळतो ना, तसलाच. तो वास वाऱ्यावर शेजारच्या झाडापर्यंत जातो.”

“म्हणजे हाक मारतं.”

“हाक नाही म्हणता येणार. बहुधा ते आपल्याच दुसऱ्या फांद्यांना कळवत असतं. शेजाऱ्याच्या कानावर ते आपसूक पडतं.”

“असं... आणि पाणी नसलं की?”

“तेव्हा मुळं कळवतात. माती वाळायला लागली की एक रसायन तयार होतं, ते वर पानांपर्यंत चढतं. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. निरोप पोचला की ती मिटतात. मग आतलं पाणी उडून जात नाही. झाड तगतं.”

“शहाणं आहे.”

“फार शहाणं.”

बाहेर ऊन रणरणत होतं. झाडाखालून हुंदका आला. त्र्यंबकांनी दाराकडे पाहिलं नाही.

“तोंडं मिटली की आत काहीच जात नसेल.”

“नाही जात. हवासुद्धा नाही.”

“मग खातं काय?”



“हवेतूनच ते अन्न करतं... त्यामुळं उपाशी राहतं.”

“किती दिवस?”

“पाऊस येईपर्यंत. पाऊस फारच लांबला तर... पाणी राखता राखता भुकेनंही मरतं एखादं.”

“आणि तो शेजारी? ज्याच्या कानावर पडलं, तो काय करतो?”

“तो सावध होतो. आपली पानं कडू करून ठेवतो. अळी त्याच्याकडे आली तर तिला खाववत नाही.”

“पहिल्या झाडाचं काय?”

“त्याचं जे व्हायचं ते होतं.”

“शेजारी जवळ जाऊन बसत नाही?”

त्र्यंबक हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असतील.

“महाराज, झाडाला पाय नसतात.”

“हं... त्याला नसतात.”

महाराजांनी भिंतीला हात लावला आणि ते उठले. त्र्यंबक आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांनी तो हात हलकेच बाजूला सारला. चाचपडत, खांब धरत ते ओसरी उतरले. उन्हातून अनवाणी अंगण ओलांडलं आणि इंदूच्या शेजारी मातीतच बसले.

इंदूनं पदर डोक्यावर ओढला. पाया पडायला वाकली.

“राहू दे, पोरी. शालू इथं यायची तेव्हा काय काय करायची, सांग बरं. मला हल्ली आठवत नाही.”

इंदू बघत राहिली. इतक्या महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी ‘विसर’ म्हटलं होतं.

“या झाडावर चढायची...” ती म्हणाली. “उतरताच यायचं नाही मग. वरून तुम्हाला हाका मारायची. गिरीआजोबा, गिरीआजोबा. तुम्ही खालून हात पसरून उभे राहायचात.”

“हो. आणि खिरण्या?”

“तुमच्या झोळीत टाकायची. निम्म्या खाऊन झालेल्या.”

इंदूला मध्येच हसू आलं, मग ते तोंडावरच मोडलं. महाराजांचे खांदे हलू लागले. ते रडत होते. हळू नव्हे. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडून, आवाज काढून.

त्र्यंबक ओसरीवरून धावत आले.

“महाराज! तुम्ही... तुम्ही संन्यासी!”

महाराजांनी डोळे पुसले नाहीत.

“माझी आई गेली तेव्हा मी एवढासा होतो,” त्र्यंबक म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “याच अंगणात तुम्ही मला धरून उभं केलंत. म्हणालात, डोळे पूस. रडून माणूस परत येत नसतं. तेव्हापासून मी... बाप गेला तेव्हा नाही, शालूला खांद्यावरून नेलं तेव्हा...”

ओठ नुसतेच हलले. इतक्या दिवसांत त्यांनी लेकीचं नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं, ते आत्ता उच्चारलं गेलं होतं.

इंदू थोडी सरकली. बाजूला जागा झाली.

ते गुडघ्यांवर आले, मग तिथंच बसले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली पाठ आधी ताठ राहिली, मग एकदम खचली. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो त्यांना स्वतःलाही ओळखू आला नाही.

ऊन कलत गेलं.

“मग तेव्हा सांगितलंत ते...” त्र्यंबकांनी कसंबसं विचारलं. “ते खोटं होतं का, महाराज?”

महाराज झाडाच्या शेंड्याकडे तोंड करून बसले होते.

“तेव्हा... माझं कुणी गेलं नव्हतं रे.”