ओढ्यापल्याडची हजामत

"दसऱ्याच्या आत माझी हजामत नांदुरगडाहून करून घे! नाहीतर धोकटी उचल आणि गडाखाली चालता हो!"

अंबळगडचे दुर्जयराजे कडाडले आणि बाळोजी न्हाव्याच्या हातातली वाटी खाली पडली.

बिचाऱ्याची चूक एवढीच, की तो खरं बोलला होता. झालं होतं असं. अंबळगड आणि नांदुरगड या दोन राज्यांमध्ये घोटाभर पाण्याचा एक ओढा. एके दिवशी दिवाण त्रिंबकपंतांनी राजांचे कान फुंकले, "महाराज, आपली माणसं महाग. ओढ्यापल्याड तेच काम निम्म्यात होतं!" राजे हट्टी. एकदा डोक्यात घेतलं, की घेतलं. आधी कपडे धुवायला पल्याड गेले. मग स्वयंपाक गेला, आणि राजे रोज थंडगार, वर साय धरलेलं पिठलं खाऊ लागले. पहाटेची नौबतही पल्याडच वाजू लागली. वारा उलटा असला की ती ऐकूच येत नसे आणि अख्खा गड दुपारपर्यंत घोरत पडे.

कडेलोट म्हणजे हसणंसुद्धा गेलं! राजांनी दरबारात विनोद केला, की सरदार तोंड मिटून बसायचे. स्वार घोड्यावरून विनोद पल्याड न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिकडची हसणारी मंडळी बैलगाडीतून येऊन खदाखदा हसून जायची.

उरली होती ती फक्त राजांची दाढी. ती पाठवायची ठरली तेव्हा बाळोजी हात जोडून म्हणाला होता, "महाराज, कपडे गाठोड्यात जातात. दाढी कशी पाठवू? ती तर तुमच्या हनुवटीला हाय!"

तेवढ्यावरून राजे पेटले होते.

बाळोजी घरी आला तो मटकन खालीच बसला. "येसू, संपलं गं सगळं. दसऱ्याला सीमोल्लंघन होईस्तोवर राजानं हद्द ओलांडायची न्हाई, ही वाडवडलांची रीत. आणि परक्याचं पातं राजाच्या गळ्याला लावायचं न्हाई, ही दुसरी. म्हंजे राजा तिकडं जायचा न्हाई, तिकडचा वस्तरा इकडं यायचा न्हाई, आणि हजामत मातुर तिकडचीच पायजे!"

येसू त्याची एकुलती एक लेक. आईमागे तिनंच घर सांभाळलेलं. बापाला असा हातपाय गाळून बसलेला तिला बघवेना. या माणसानं राजांचं जावळ काढलं होतं आणि आज त्यालाच चालता हो म्हणतात! ती रागानं उठली आणि पदर खोचला.

"आबा, तुमी वस्तऱ्याला धार लावा. मी ओढा ओलांडून येते."

नांदुरगडचे कारभारी कपाळाला हात लावून बसले होते. अंबळगडची कामं घेता घेता त्यांच्याकडे माणूसच उरला नव्हता. येसूनं हजामतीचं काम सांगताच ते किंचाळले, "हजामत? अगं पोरी, आमचे सगळे न्हावी तुमच्या राजाच्या विनोदांवर हसायला लावलेत! बोलघेवडी माणसं म्हणून त्यांनाच घेतलं. घसे बसलेत त्यांचे!"

"मग न्हाई म्हणून कळवू का?"

"छे छे! आलेलं काम परत पाठवलं तर आमची अब्रू जाईल!"

"तर मग तुमीबी जवळच्या एखाद्या परमुलखात द्या की," येसू गरिबासारखी म्हणाली. "मला एक मुलूख ठावा हाय. तिथला न्हावी कसबी, आणि सध्या हात रिकामेच. तुमच्यापेक्षा स्वस्तात करील."

"देव पावला! कुठला गं मुलूख?"

"ह्यो काय, ओढ्यापल्याडचा. अंबळगड!"

कारभाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. मग घाईघाईनं खुंटीवरचं हिरवं पागोटं काढून तिच्या हातात दिलं. नांदुरगडच्या चाकरीतला माणूस तेच बांधायचा.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी दरबार भरला. हिरव्या पागोट्याचा न्हावी येसूच्या मागोमाग खाली मान घालून आला आणि राजांच्या गालांना फेस लावू लागला. तोच बोट हनुवटीशी नेहमीसारखं फिरलं, आणि राजे दचकले.

"अरे, हा तर आपला बाळोजी!"

"आपला कसला, महाराज?" येसू पुढं झाली. "पागोटं बघा. नांदुरगडचा माणूस हाय."

"फसवणूक!" त्रिंबकपंत ओरडले. "काम पल्याड द्यायचं होतं!"

"दिलं की पंत! पण पल्याडवाल्यांनाबी आपली माणसं महाग वाटली. त्यांनी जवळच्या परमुलखात स्वस्त हात शोधला. आता त्यांचा जवळचा परमुलूख आपणच, त्याला मी काय करू?"

"आणि वस्तरा? परकं पातं—"

"पातं अंबळगडचं, चाकरी नांदुरगडची, आणि दाढी महाराजांची. महाराज हद्दीतच हायती. सांगा, कुठली रीत मोडली?"

राजांनी फेसाळलेल्या हनुवटीवरून हात फिरवला. आणि मग असे हसले, की फेस उडून पंतांच्या मिशीवर बसला!

दरबार मात्र चिडीचूप. सरदारांचे गाल फुगले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसण्याचं काम त्यांचं नव्हतं. पंतांनी सवयीनं हाक मारली, "स्वार! नांदुरगडाहून हसू मागवा!"

"अरे गाढवांनो, हसा!" राजे गरजले. "इथंच हसा! आत्ता हसा!"

पहिलं हसू एका म्हाताऱ्या सरदाराच्या तोंडून उचकीसारखं बाहेर पडलं. मग सगळा दरबार गडगडला. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं, बाळोजीच्या डोक्यावर अंबळगडचं लाल पागोटं बांधलं आणि नौबत, चूल, धोबीघाट, सगळं गडावर परत बोलावलं.

"एक काम तेवढं पल्याड जाऊ दे," राजे डोळे पुसत म्हणाले. "मला अक्कल शिकवायचं! पंत, बैलगाडी उभीच आहे. बसा!"