लटकून ऐकायची गोष्ट

“मग... त्या हाताचं काय झालं, वस्ताद?”

भरतेशनं दात-ओठ खात विचारलं आणि तेवढ्यात त्याचीच बोटं सुटली. तो धपकन खालच्या मातीत बसला.

दस्तगीर वस्तादांनी तोंड मिटलं.

“उद्या,” एवढंच म्हणाले आणि दातांत काडी घालून नदीकडे बघत राहिले.

तालमीच्या मागं, नदीच्या अंगाला एक चिंचेचं झाड होतं. त्याची एक फांदी आडवी गेलेली. हात वर केले तरी वीतभर उंचच राहायची, आणि जाडी इतकी की कुणाच्याच मुठीत मावू नये. वस्ताद त्या फांदीवर भिजवलेलं पोतं टाकायचे. उडी मारून ते धरायचं आणि लटकायचं.

नियम एकच. लटकलेला आहेस तोवर विचार. लटकलेला आहेस तोवरच उत्तर मिळेल. पाय जमिनीला लागले की त्या गोष्टीपुरते वस्ताद मुके.

आणि दुसऱ्या दिवशी उत्तर पुन्हा पहिल्यापासून.

भरतेश मगदूम इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. कॉलेज अर्ध्यावर टाकून चैत्रातच गावी आला होता. पँटच्या खिशात रबरी चेंडू. बोलताना, चालताना, देवळाच्या पायरीवर बसतानाही तो चेंडू दाबत असायचा. दुसऱ्या खिशात वही. आज किती सेकंद, काल किती सेकंद.

त्याची मूठ स्वस्थ राहीना, त्याला कारण होतं.

मागच्या पुरात शाळेच्या पत्र्यावर यशवंत शिपाई अडकले होते. भरतेश चौथीत असताना त्याला एकदा शाळा सुटल्याची घंटा वाजवू देणारे तेच यशवंत शिपाई. गावाच्या नावेत पुढं भरतेश बसला होता. नाव पत्र्याला लागली. भरतेशनं हात दिला, त्यांनी धरला. पाण्यानं नाव फिरवली.

हातात हात होता... आणि मग नव्हता.

तीन दिवसांनी ते खालच्या गावच्या उसात सापडले.

भरतेशला कुणी बोल लावला नाही. तो त्यांच्या घरी गेला तेव्हा त्यांच्या बायकोनं उलट त्यालाच तांब्याभर पाणी आणून दिलं. ते त्याला प्यायला आलं नाही.

गावाची नाव तालमीच्या ताब्यात असे. पुराच्या दिवसांत नावेच्या तोंडाशी कुणी बसायचं, बुडत्याला हात कुणी द्यायचा, ते वस्ताद ठरवत. यंदाही तिथं आपणच बसायचं, हे भरतेशनं ठरवून टाकलं होतं.

वस्तादांनी ठरवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, “वस्ताद, पकड तयार व्हायला किती दिवस लागतील?”

“कशाची पकड?”

“हाताची.”

“हात तर हायेत की तुला. दोन.”

“चेष्टा नको, वस्ताद. धरलेलं कधीच सुटू नये, यासाठी काय करावं लागतं ते सांगा. जे सांगाल ते करतो.”

 वस्ताद उठले, बादलीत पोतं बुचकळलं आणि फांदीवर टाकलं.

“लटक. सांगतो.”

तो लटकला.

“मी...” वस्ताद म्हणाले. तीन श्वास गेले. “...तुझ्याएवढा...” आणखी तीन. “...हुतो...”

भरतेश खाली.

पाचव्या दिवशी तो इथवर पोचला, “नदीला पानी हुतं... माझ्या हातात एक हात हुता...”

आठव्या दिवशी त्याचा संयम संपला. तेव्हा तो जमिनीवरच होता, पण नियम विसरून भांडायला उभा राहिला.

“एवढं सावकाश का बोलता, वस्ताद?”

“वय झालं माझं.”

“काल टपरीवर तर भराभरा बोलत होतात!”

“तिथं बसायला बाकडं हुतं.”



बाकी शिकवणं म्हणावं तर तेही असलंच. नदीवरून दोन घागरी भरून आणायच्या. डोक्यावर नाही, कमरेवर नाही. नुसत्या काठाला बोटांनी धरून, हात खाली सोडून. मग कुस्तीच्या हौद्यातली माती खोऱ्यानं वर-खाली करायची. मग घोंगडं पाण्यात बुडवायचं आणि पिळायचं. वस्ताद त्या पिळ्याखाली आपला तळहात धरायचे. एक थेंब पडला की म्हणायचे, “अजून वल्लंच हाय.” शेवटी जोर आणि बैठका, दम संपेपर्यंत.

खाली नदीकाठी शिवा आंबी नावेला डांबर लावत बसलेला असायचा. तीस वर्षं नाव वल्हवून त्याचे दंड वल्ह्यासारखेच झाले होते, आणि जीभही तशीच लांब.

“इंजिनेर, पानी नेतोयस का पेरतोयस? वाटंवर भात उगवंल की!”

“तू तुझी भोकं बुजव, शिवामामा.”

“माझी बुजली. तुझ्या घागरीतलं पानी कुटं गेलं, ते हुडीक.”

पंधरा दिवसांत तळहात सोलून निघाले. जैनाचं घर, आई दिवस मावळायच्या आत ताट वाढायची. तो ताटावर बसायचा आणि भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. बोटं आकड्यासारखी वाकलेली. आई भाकरी दुधात कुस्करून पुढं सरकवायची.

तो मात्र वहीत लिहायचा. बावीस सेकंद. एकतीस सेकंद. चव्वेचाळीस.

एक दिवस तो जवळजवळ दीड मिनिट टिकला.

“तो हात... माझ्या धाकट्या भावाचा हुता... मेहबूबचा... मी म्हनलं, मेहबूब... सुटायचा न्हाई...”

“मग?” भरतेश वरून ओरडला. “मग सुटला का? सुटला का, वस्ताद?”

वस्ताद श्वास मोजत होते.

पोतं निसटलं. भरतेश पडला. पडल्या जागी त्यानं मूठभर माती उचलली आणि झाडाच्या बुंध्यावर फेकून मारली.

त्या रात्री वही उघडली, पण त्यानं आकडा लिहिला नाही. *मेहबूब* एवढंच लिहिलं.

आषाढ लागला. वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता आणि कृष्णा फुगत होती. घाटाच्या दहा पायऱ्या बुडाल्या. पाणी गढूळ, लाल. त्यावरून लाकडं वाहत यायची, एकदा कोंबड्यांचं खुराडं आलं. प्रत्येक वेळी भरतेशचा हात आपोआप पुढं व्हायचा.

संध्याकाळी तो तालमीत शिरला तो वादळासारखाच.

“अकरावी पायरी गेली, वस्ताद! दोन दिवसांत पाणी गावात असेल. नावेच्या तोंडाशी कोण बसणार ते आज सांगा. गोष्ट राहू द्या.”

“गोष्ट तू इचारलीस.”

“मी पकड मागितली होती! गोष्ट नव्हती मागितली!”

“मग रोज लटकतोस कशापायी?”

भरतेशनं खिशातला चेंडू दाबला.  

“...ऐकायला,” तो शेवटी म्हणाला.

वस्तादांनी अंगातली पैरण काढली. घडी घालून कट्ट्यावर ठेवली. सत्तरी उलटलेलं अंग, छातीवर पांढरे केस, खांद्यांची हाडं वर आलेली. त्यांनी पोतं भिजवलं, फांदीवर पसरलं आणि एक दगड पायाशी सरकवला.

“आज दोघं,” ते म्हणाले.

दगडावर चढून त्यांनी फांदी धरली आणि पायानं दगड बाजूला ढकलून दिला. भरतेशनं उडी मारून त्यांच्या शेजारी हात टाकले.

काठावर शिवाचा डांबराचा ब्रश थांबला.

दोघांची तोंडं नदीकडे. मधे फक्त पोत्यातून गळणारं पाणी.

“मी तुझ्याएवढा हुतो...” वस्ताद म्हणाले. या वेळी ते सावकाश बोलत नव्हते. दम लागत होता. “नदीला पानी हुतं... माझ्या हातात... एक हात हुता... मेहबूबचा...”

भरतेश सेकंद मोजायला विसरला. मनगटापासून कोपरापर्यंत आग होती, पण ती ओळखीची आग होती. कुठं वाढते, कुठं थांबते, त्याला माहीत होतं. आज आपण टिकणार. आज शेवटपर्यंत ऐकणार. चैत्रापासून पहिल्यांदाच त्याला तशी खात्री वाटली.

“मी म्हनलं, मेहबूब... सुटायचा न्हाई... त्यानं माझ्याकडं बघितलं...”

“हं.”

“बघितलं... आनि...”

वस्ताद थांबले.

भरतेशनं मान वळवली. म्हाताऱ्याची करंगळी पोत्यावरून सुटली होती. मग तिच्याशेजारचं बोट. मानेची शीर ताठ झालेली, डोळे मिटलेले.

“आनि काय, वस्ताद? बोला! बोला ना!”

“आनि मग...”

हात सुटले.

वस्ताद एका कुशीवर पडले. एक पाय खाली दुमडला गेला. मातीवर त्यांचा गाल टेकला आणि तसाच राहिला.

भरतेश अजून लटकलेला होता. बोटं घट्ट होती, पोतं घट्ट होतं. आणखी मिनिटभर सहज निघालं असतं.

खालून आवाज आला. मातीतूनच.

“लटक तू... थोडंच राहिलंय. सांगतो.”

एवढ्या दिवसांचं थोडंच राहिलं होतं. घागरींचं, घोंगड्याचं, सोललेल्या तळव्यांचं. तो हात सुटला की सोडला की धरून राहिला... एका वाक्यावर होतं सगळं. त्या वाक्याशिवाय आपण पुन्हा झोपू शकणार नाही, असं त्याला गेलं वर्षभर वाटत आलं होतं.

त्यानं फांदी सोडली.

गुडघ्यांवर आदळला, तसाच सरकत वस्तादांपाशी गेला. त्यानं त्यांचा पंजा धरला नाही, मनगट धरलं. दुसरा हात पाठीखाली घातला. म्हाताऱ्याची चार बोटं वळली आणि भरतेशच्या मनगटाभोवती येऊन बसली. सावकाश, दमानं, त्यानं त्यांना बसतं केलं. मग उभं केलं.

“लागलं का कुठं? पाय टेकतोय का? टेकवून बघा.”

वस्तादांनी पाय टेकवून बघितला.

“उत्तर राहिलं की रं तुझं.”

“राहू दे.”

वस्तादांनी मोकळ्या हातानं गालावरची माती पुसली आणि नदीकडे तोंड करून हाक दिली.

“शिवाऽ! नावंच्या पुढच्या फळीवर ह्यो बसंल.”

“इंजिनेर?” खालून शिवा ओरडला. “बसू दे. पर वल्ह्याला हात लावायचा न्हाई म्हनावं!”

कुणी हसलं नाही. शिवाही नाही. त्यानं ब्रश पुन्हा डांबरात बुडवला.

 भरतेशनं ऐकलं की नाही, कळेना. बारावी पायरी पाण्याखाली जात होती आणि तो तिच्याकडे बघत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्याच्या मुठीत अजून ते मनगट होतं, आणि मनगटातली नाडी त्याच्या अंगठ्याला लागत होती.

वस्तादांनी घाई केली नाही. एक ओंडका वाहत आला, वाहत गेला...

मग ते हलक्या आवाजात म्हणाले,

“सोड आता. मी उभा हाय.”