अर्ध्या मिशीची डबी

एका गावात एक न्हावी होता. त्याचं नाव सटवाजी. खुद्द राजाची दाढी करण्याचा मान त्याच्याकडे होता. आणि त्याचा हात थरथरायला लागला होता.

आता राजाच्या दाढीविषयी थोडं सांगायला हवं. ती इतकी राठ होती, की विचार करता करता राजानं गालावरून हात फिरवला तर बाहेरच्या पहारेकऱ्यांना वाटायचं, आत सुतार रंधा मारतोय. एकदा एक मांजर लाडानं राजाच्या गालाला पाठ घासायला गेलं आणि पाठीवरचे केस गमावून बसलं. ते मांजर मी पाहिलेलं नाही. पण बोडक्या पाठीची मांजरं त्या गावात अजून जन्माला येतात म्हणे.

अशा दाढीला लांब, उघडा वस्तरा लागायचा. उघडं पातं आणि थरथरता हात! सटवाजी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचा आणि कशीबशी वेळ निभावून न्यायचा. राजाला अजून पत्ता नव्हता. ज्या दिवशी राजाच्या गळ्यावर ओरखडा उठेल त्या दिवशी आपलं काम संपलं, हे सटवाजीला पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी त्याची बायको मुलीची वेणी घालत होती. पोरगी ओरडत होती, फणी खसाखसा फिरत होती. सटवाजी बघत राहिला. फणीचे दात एवढे टोकदार, तरी डोक्याची कातडी फाटत नाही. केस तेवढे दातांमधून वर येतात. का बरं? त्यानं बायकोच्या हातातून फणी ओढली आणि स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली.

"आता हेच राहिलं होतं," बायको म्हणाली.

पण सटवाजीला हवं ते सापडलं होतं. पात्याखाली फणी बसवली, तर केस दातांमधून वर येतील आणि कातडी खालीच राहील. मग हात थरथरला तरी काय बिघडणार? फक्त पातं लांब नको. बोटाएवढं हवं, आणि कांद्याच्या सालीसारखं पातळ.

तो भिवा लोहाराकडे गेला.

"एवढंसं पातं?" भिवा म्हणाला. "राजाची दाढी करायचीय की नखं काढायचीत?"

पण भिवालाही चैन पडेना. आजवर एवढं पातळ पातं त्यानं कधी ठोकलं नव्हतं. जमतं का बघू, म्हणून तो ऐरणीवर बसला. पातं ठोकून ठोकून पातळ व्हायचं, भट्टीत लाल व्हायचं. पण धार टिकावी म्हणून पाण्यात विझवलं, की चर्र आवाज करून वाकडं व्हायचं. एकवीस पाती केली, एकवीस वाकडी झाली. बाविसावं तर असं मुरडलं, की भिवानं ते भिंतीवर फेकून मारलं.

त्याची बायको ठकू शेजारच्या चुलीवर पापड भाजत होती. ती म्हणाली, "अहो, पापडसुद्धा विस्तवावर मोकळा टाकला तर असंच तोंड वाकडं करतो. फडक्यानं दाबून धरला, की गप सरळ राहतो. तुमचं पोलाद काय पापडापेक्षा शहाणं लागून गेलंय?"

ठकूनं आपला मसाल्याचा पाटा उचलून आणला, दुसरा शेजारणीकडून मागून आणला. दोन्ही पाटे पाण्यानं गार केले. भिवानं लालभडक पातं चिमट्यानं एकावर ठेवलं आणि ठकूनं दुसरा पाटा वरून दाबला. वाफ झाली, पडवीभर खमंग वास सुटला. पाटा उचलला तर पातं आरशासारखं सपाट. ठकूच्या पाट्यावरचा मसाला तेवढा जळाला. त्या पात्यानं दाढी केली तर दिवसभर गालाला धण्याचा वास यायचा, असं काही लोक सांगतात.

आता हरबाशेटकडे येऊ. पोलाद त्याच्या दुकानातलं, भट्टीची पडवीही त्याचीच. हा गावातला मोठा व्यापारी. मनानं वाईट नव्हता. त्याला फक्त आपली मिशी फार आवडायची. तूप लावून, पीळ देऊन त्यानं ती अशी वाढवली होती, की दारातून जाताना तो जरा आडवा व्हायचा. त्यानं फणी बसवलेल्या पात्याचं ते नवं यंत्र पाहिलं, सटवाजीचा थरथरता हातही पाहिला आणि लगेच ओळखलं, की हे जगभर खपेल. ही नजर त्याला होती, ते नाकारून चालणार नाही.

तो सटवाजीला घेऊन दरबारात गेला. राजानं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. फणीच्या दातांवर बोट फिरवलं. त्याचे डोळे चमकले.

"हे कुणी केलं?" राजानं विचारलं.

सटवाजीनं तोंड उघडलं. एवढ्यात हरबाशेट त्याच्या कानाशी लागला. "तुझा हात थरथरतो म्हणून केलंस, तेही सांगणार आहेस का?"

सटवाजीचं तोंड मिटलं.

"मी केलं, महाराज," हरबाशेट म्हणाला.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. नवा वस्तरा राजाच्या गालाला लागण्याआधी तो घडवणाऱ्याच्या गालावरून फिरायचा, तोही भर दरबारात. हरबाशेट खुशीनं चौरंगावर बसला. सटवाजीनं यंत्र फिरवलं. एक ओरखडा नाही! राजानं हरबाशेटला शालजोडी दिली आणि फौजेसाठी दहा हजार यंत्रं मागितली. "आमचे कारभारी तुझा कारखाना बघायला येतील," राजा म्हणाला. "हे होतं तरी कसं, ते आम्हाला समजून घ्यायचंय."

इथं शेट अडचणीत आला. कारभारी आले आणि त्यांनी ठकूला विचारलं तर? त्यानं भिवाला आणि ठकूला घरी बसवलं आणि परगावचे लोहार आणले. पाटे पाहून तो म्हणाला, "हा कारखाना आहे की स्वयंपाकघर? काढा ते." लोहारांनी दोनदा सांगितलं, की पाती मुरडतायत. शेट म्हणाला, "फणीवर बसवून टाका, कुणाला दिसतंय?" त्याचं सगळं लक्ष यंत्रं ठेवायच्या डब्यांकडे होतं. प्रत्येक डबीवर त्यानं स्वतःचा चेहरा छापून घेतला होता, दोन्ही बाजूंच्या मिशीसकट. डबी अरुंद होती, म्हणून मिशी वळून मागच्या बाजूला गेली होती.

दहा हजार डब्या दरबारात आल्या. नवा माल म्हणजे पुन्हा तीच रीत. हरबाशेट चौरंगावर बसला. सटवाजीनं एक डबी उघडली, पातं उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. पात्याची एक बाजू फणीच्या दातांतून बाहेर डोकावत होती.

तो शेटच्या कानाशी वाकला. "शेट, हे पापडासारखं वळलंय. लागेल तुम्हाला. अजून वेळ आहे, खरं सांगून मोकळे व्हा."

शेटनं दरबाराकडे पाहिलं. अंगावरच्या शालजोडीकडे पाहिलं. "फिरव," तो म्हणाला.

सटवाजीनं होता होईल तेवढं हळू फिरवलं. चर्र झालं. शेटच्या गालावरून रक्ताची धार आली आणि डाव्या बाजूची अख्खी मिशी मांडीवर येऊन पडली. ती इतकी लांब होती, की कुणीतरी "साप, साप!" म्हणून ओरडलं.

"महाराज!" शेट किंचाळला. "यंत्रात खोट नाही! या न्हाव्याचा हात थरथरतो! त्यानं तुमच्यापासून लपवून ठेवलंय!"

राजानं सटवाजीकडे पाहिलं. "हात पुढे कर."

सटवाजीनं हात पुढे केला. तो पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता.

"खरं आहे, महाराज," सटवाजी म्हणाला. "दिवाळीपासून थरथरतोय. मी बोललो नाही, हा माझा दोष. पण तेव्हापासून तुमच्या गालाला एक तरी ओरखडा आला का?"

त्यानं आपल्या धोकटीतून पहिलं यंत्र काढलं आणि मनगट न धरता राजासमोर उभा राहिला. कारभारी पुढे धावले. राजानं त्यांना थांबवलं आणि स्वतःच मान वर केली. थरथरता हात राजाच्या गळ्यावरून फिरला. खरखर थांबली, राजानं गळा चाचपून पाहिला. गुळगुळीत.

"म्हणजे हे तू केलंस," राजा म्हणाला. "मग या पात्यात आणि त्या पात्यात फरक काय?"

आता सटवाजीला सगळं आपल्या नावावर घेता आलं असतं. तो म्हणाला, "महाराज, मी फक्त फणी लावली. पातं भिवाचं. आणि ते सरळ का राहतं, ते ठकूला विचारा. मला नीट सांगता यायचं नाही."

ठकूला बोलावणं गेलं. ती दोन पाटे आणि चार पापड घेऊन आली. दरबारातच शेगडी पेटवून तिनं एक पापड मोकळा भाजला, एक दाबून भाजला. "बघा," ती म्हणाली, "एवढंच आहे." राजाला ते इतकं आवडलं, की तिसरा पापड त्यानं स्वतः भाजला. तो जळला. चौथाही जळला.

"आणि शेट," राजा मग हरबाशेटकडे वळला, "तू काय केलंस?"

हरबाशेट अर्ध्या मिशीनं खाली बघत म्हणाला, "मी... डबी केली, महाराज."

"मग डबीच कर," राजा म्हणाला. "तुला विकता येतं, तू वीक. तुझा चेहराही राहू दे. पण आता आहे तसा. आणि जो विचारेल, त्याला खरं सांगायचं."

हरबाशेटची मिशी सहा महिन्यांत पुन्हा वाढली. डबीवरची मात्र कधीच वाढली नाही. भिवा आणि ठकू भट्टीवर परतले. सटवाजी थरथरत्या हातानं पुढे वीस वर्षं राजाची दाढी करत राहिला. आणि डबी घेणारा प्रत्येक जण दुकानात एकदा तरी विचारायचा, "का हो, याची अर्धी मिशी कुठे गेली?" मग दुकानदाराला बसून सगळं सांगावं लागायचं. सांगता सांगता तिन्ही नावं यायची: सटवाजी, भिवा आणि ठकू. शेवटी लोक डबी मागताना म्हणायला लागले, "एक ठकूचं पातं द्या."

तात्पर्य: डबीवर चेहरा एकाचा असला, तरी आतलं पातं कुणी घडवलं हे विचारायला विसरू नये, आणि दुसऱ्याच्या अकलेवर स्वतःचं नाव घालणाऱ्याला ती अक्कल नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही.