तुळशानं पिकअपला पायरी बसवली

मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी कौसानं पिकअपमध्ये चढायला पाय उचलला. पाय हवेतच राहिला. तिथून हे सगळं सुरू झालं.

कौसा म्हणजे तुळशाची बायको. आणि तुळशा म्हणजे एका गावातला एक भोळा पिकअपवाला. डाळिंबाचे क्रेट न्यायचा, रिकामे क्रेट आणायचा. गाडी सावकाश चालवायचा, कधी कुणाला धक्का नाही. फक्त त्याला एखादी गोष्ट सांगितली की तो ती तशीच्या तशी करायचा. एवढंच काय ते वाईट.

कौसाला नववा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी. शनिवारी अमावस्या होती, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोरगी घरात आली पाहिजे, असा तिच्या आईचा निरोप होता. एसटीच्या धक्क्यांची कौसाला धास्ती वाटायची. घरची गाडी बरी. पण घरची गाडी उंच, आणि पाय टेकायला काही नाही.

"अहो," कौसा म्हणाली, "फाट्यावर मैनुद्दीन मिस्त्रीकडं जा आणि गाडीला पायरी बसवून आणा. रुंद पाहिजे, दोन्ही पावलं मावतील अशी. वर खरबरीत पत्रा लावायला सांगा, पाय सटकायला नको. आणि उंची माझ्या गुडघ्याच्या खाली एक वीत. त्याच्या वर पाय जात नाही आता माझा."

तुळशा गेला.

मिस्त्री वेल्डिंग करत होता. काळी काच कपाळावर सारून म्हणाला, "उंची किती?"

"कौसाच्या गुडघ्याखाली एक वीत."

"मला काय माहीत तिचा गुडघा कुठं असतो? नीट रेघ मारून माप आण."

तुळशा घरी आला. खडू घेतला. कौसाला भिंतीशी उभं केलं, वीत लावली, रेघ मारली आणि परत फाट्यावर गेला.

"आणलं माप?"

"मारली रेघ. एकदम सरळ."

"कुठंय?"

"कौसाच्या नडगीवर."

"आणि कौसा?"

"घरी. भाकरी करतीय."

मिस्त्रीनं हातातला हातोडा खाली ठेवला. सावकाश ठेवला. "तुळशा, ज्याच्यावर रेघ मारली ते सोबत आणायचं असतं, बाबा. नुसता तू येऊन काय उपयोग?"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. तेच वाईट झालं.

संध्याकाळी कौसानंच काठीवर खूण करून दिली. तुळशानं काठी नेली. उंचीचं भागलं. बुधवारी मिस्त्रीनं लोखंडी पट्ट्या कापल्या, पत्रा कापला, आणि मग त्याला शंका आली.

"एवढी खाली घेतली तर गतिरोधकाला घासेल की रे. तुमच्या शाळेपुढचा लई उंच आहे. त्याचं माप आण बघू."

तुळशा शाळेपुढं गेला. वाकून गतिरोधकाच्या अंगाला खडूची रेघ मारली. मग उभा राहून आठवलं. ज्याच्यावर रेघ मारली ते सोबत आणायचं.

घरी जाऊन टिकाव आणला.

गतिरोधक जुना होता, तरी दोन तास लागले. तुळशानं तो मुळासकट काढला. पोरं मधल्या सुट्टीत कठड्यावर बसून बघत होती. गुरुजींना वाटलं, नळाची पाइपलाइन येतीय, म्हणून त्यांनी तुळशाला पाणीही दिलं. आठ तुकडे निघाले. तुळशानं ते क्रेटमध्ये क्रमानं लावले आणि फाट्यावर नेले.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

"माप. रेघ तिसऱ्या क्रेटात आहे."

मिस्त्रीनं तिसरा क्रेट बघितला. रेघ होती. सरळ होती.

"अरे, ही गावाची वस्तू! उद्या त्या रस्त्यावरून गाड्या सुसाट सुटतील, पोरं शाळेत जातात तिथनं! गावाच्या कशालाही हात लावायच्या आधी पंचायतीत जाऊन विचारायचं! कळलं?"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

गाड्या काही सुसाट सुटल्या नाहीत. कारण गतिरोधक होता तिथं आता आडवा चर झाला होता. त्याच संध्याकाळी सरपंच अंकुशराव मोटारसायकलवरून आले. मोटारसायकल चराच्या पलीकडं गेली. सरपंच चरात राहिले.

तुळशा तिथंच होता.

"अरे, बघतोस काय?" सरपंच ओरडले. "हात दे!"

तुळशानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "दम धरा सरपंच. पंचायतीत विचारून येतो. तुम्ही गावाचे."

पळत पळत पंचायतीत गेला. ग्रामसेवक चहा पीत होते.

"भाऊसाहेब, सरपंचांना हात लावू का?"

ग्रामसेवकांनी कप खाली ठेवला. "असलं मला विचारू नको. भांडण तुमचं. सरपंच आले की त्यांच्याशीच बोल."

तुळशा पळत परत आला. चराच्या काठावर उकिडवा बसला.

"ते म्हणतात, सरपंच आले की ठरेल. तुम्ही किती वाजता येताय?"

सरपंच स्वतःच्या हातानं वर आले. धोतर झटकलं. मग तुळशाकडं वळले. "पडलेला माणूस दिसला की विचारत बसायचं नाही! उचलायचा, गाडीत घालायचा आणि तडक दवाखाना गाठायचा! तो नको म्हणाला तरी ऐकायचं नाही. पडलेल्याला काय कळतंय?"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

गुरुवार उजाडला. मधे एकच दिवस. कौसानं बॅग भरून दाराशी ठेवलेली. दर अर्ध्या तासाला ती बाहेर येऊन फाट्याच्या रस्त्याकडं बघायची. उद्या निघणं झालं नाही तर आई म्हणेल अमावस्येला येऊ नको, आणि मग पुढं दिवस कुठं उरलेत?

फाट्यावर काम जोरात चाललेलं. मिस्त्री गाडीखाली उताणा शिरला होता. बाहेर दिसत होते फक्त दोन पाय. तुळशा चहा घेऊन आला आणि त्याला ते पाय दिसले.

तुळशानं चहा बाजूला ठेवला. पाय धरले. ओढले.

"अरे, कोण आहे? सोड!"

"सोडत नाही."

"तुळशा? अरे मला काही झालेलं नाही! नको!"

"नको म्हणणारच तुम्ही," तुळशा प्रेमानं म्हणाला, आणि मिस्त्रीला खांद्यावर टाकून मागं क्रेटांवर निजवलं. अर्धी जोडलेली पायरी रस्ताभर खडखडत गेली. मागनं मिस्त्री ओरडत होता. तुळशाला वाटलं, कळा वाढल्या. त्यानं वेग वाढवला.

डॉक्टरांनी बघितलं. तोंड काळं, डोळे लाल, अंग थरथरतंय.

"काय होतंय?"

"काही होत नाही! मी काम करत होतो!"

"असं कधीपासून बोलतात?" डॉक्टरांनी तुळशाला विचारलं.

"उचलल्यापासून."

डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक.

परत येताना मिस्त्री गाडीत मागं उभा राहून आला. बसता येत नव्हतं. फाट्यावर उतरला आणि तुळशासमोर बोट नाचवून म्हणाला, "काम चालू असताना गाडी एक इंच हलवायची नाही! मी स्वतः समोर उभा राहून 'झालं' म्हणेन, तेव्हाच हलवायची. दुसरं कुणी म्हणालं तरी नाही. तुझी बायको म्हणू दे, सरपंच म्हणू दे, कुणीही म्हणू दे!"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

मिस्त्रीनं उभ्या उभ्या, वाकून वाकून डाव्या बाजूची पायरी बसवली. पण काय बसवली! खरबरीत पत्रा, कडा गोल केलेल्या, पदर अडकायला नको म्हणून. लाल रंग दिला. दोघं जण नाचले तरी हलणार नाही अशी.

"आणि उजव्या बाजूची?" तुळशानं विचारलं.

"बायको एकाच बाजूनं चढते ना? झालं! जा बाबा, जा." एवढं म्हणून मिस्त्रीनं शटर ओढलं, फोन बंद केला आणि पाहुण्यांकडं निघून गेला. महिनाभर येत नाही म्हणाला. कुठले पाहुणे, ते काही बोलला नाही.

शुक्रवारी कौसानं पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. आत बसली. 'आई गं' सुद्धा म्हणाली नाही. तुळशाकडं बघून एवढंच म्हणाली, "नीट केलंत हो काम." तुळशा कानापर्यंत लाल झाला आणि पस्तीस किलोमीटर त्यानं गाडी अशी चालवली, की समोरच्या डब्यातलं ताक हललं नाही.

साडेचारला पोचले. ऊन अजून पडवीवर होतं. कौसाची आई दारातच उभी, एका हातात भाकरतुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या. अंगणात खडी टाकलेली. ती बघून सासूबाईंच्या जिवाला घोर लागला.

"जावईबापू, तिला तिथं उतरवू नका, पाय मुरगळेल! गाडी अगदी दाराशी लावा. पायरीवरनं पाय उचलला की घरातच पडला पाहिजे."

बरं, म्हणाला तुळशा.

अंगणातली रांगोळी गेली. दोरीवरचं धुणं गेलं. पडवी एका बाजूनं उघडी होती, तिथनं गाडी आत शिरली. डावीकडं घराची भिंत, उजवीकडं पडवीचे खांब, मधे गाडी. बाटलीत बूच बसावं तशी बसली. वरचा पत्रा जरासा उचलला गेला. पायरी मात्र उंबऱ्याला टेकली ती अशी, की मधे सुपारीसुद्धा जाणार नाही.

सासूबाईंनी गाडीच्या खिडकीतूनच भाकरतुकडा ओवाळला आणि टाकला. तो बॉनेटवर पडला. कौसानं पायरीवर पाय ठेवला, उचलला, आणि तो घरात पडला.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "असा जावई मिळायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या. "आता गाडी काढा बघू. दूध आणायचंय, चहा टाकते."

घराला दार एकच.

"काम झालं का?" तुळशानं विचारलं.

"कसलं काम?"

"कौसाला सोडायचं."

"झालं की."

तुळशानं मान हलवली. "तुम्ही नाही. मिस्त्रीनं म्हणायचं."

कौसा दारातनं म्हणाली, "अहो, झालं!"

"तू तर नाहीच. तुझं नाव घेऊन सांगितलंय."

कुणीतरी त्या गावच्या सरपंचांना बोलावून आणलं. त्यांनी अंगणातून खणखणीत आवाजात 'झालं' म्हटलं.

"सरपंचांचंही नाव घेतलंय," तुळशा म्हणाला, आणि चावी खिशात घालून खिशावर हात ठेवला.

सहा जणांनी ढकलून बघितलं. हातब्रेक. ट्रॅक्टरनं ओढून बघितलं, तर गाडीऐवजी पडवीचा खांब यायला लागला. मग राहू दे म्हणाले.

याला आज तीन आठवडे झाले. गाडी तिथंच आहे. तुळशा गाडीतच आहे. दूध, दळण, पाहुणे, सगळं दोन खांबांच्या मधून उजव्या दारानं चढतं, तुळशाच्या मांडीवरून सरकतं आणि डाव्या दारानं पायरीवरून घरात उतरतं. उतरायला फार सोपं. चढायला मात्र अवघड, कारण त्या बाजूला मिस्त्रीनं पायरी केलेली नाही. तिथं उलटा क्रेट ठेवलाय. तुळशा बसल्या जागी जेवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "पाय सांभाळा, गिअरला लागू देऊ नका."

मधे बुधवारी कौसाला कळा सुरू झाल्या. घाबरू नका, मायलेकी सुखरूप आहेत, आधीच सांगते. ती पायरीवरनं गाडीत चढली, पलीकडनं चार बायकांनी तिला अलगद उतरवलं, आणि ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. पावणेतीन किलो. घरी आणली तेव्हा ती पहिल्यांदा बापाच्या मांडीवरूनच आत गेली. तुळशानं तिची पावलं नीट बघितली. म्हणाला, "हिच्यासाठी पायरी अजून खाली घ्यावी लागेल."

आता रविवारी बारसं. सुतारानं नवा पाळणा आणून दिला, तो अंगणात पडून आहे. गाडीतून आत जात नाही. आडवा घातला, उभा घातला, नाहीच. सासूबाई दारात कपाळाला हात लावून बसल्या आणि आपल्याशीच म्हणाल्या, "आता काय भिंत पाडून आत घेऊ?"

तुळशा दीड हातावर बसला होता. त्यानं ऐकलं.

काल सकाळपासून तो खिडकीतून हात बाहेर काढून लोकांकडं घण मागत होता. दुपारी एकानं दिला. हे लिहीपर्यंत, सीटवरून न उठता, त्यानं घराच्या भिंतीच्या अकरा विटा काढल्या आहेत.

तेव्हा मैनुद्दीन मिस्त्री कुणाच्या गावात, कुणाच्या घरी दिसला, तर त्याला हात जोडून सांगा. म्हणावं, इंजेक्शनाचा राग सोड आणि रविवारच्या आत येऊन जा. हत्यारं आणू नको. फक्त गाडीसमोर उभं राहून एकदा 'झालं' म्हण. ज्याला ज्याला हे कळेल, त्यानं हा निरोप पुढच्याला द्यावा.

फक्त तुळशाजवळ देऊ नका.