राजाला धरून बसलेली खुर्ची

एका राज्यात राजा होता, पण त्याला उठता येत नव्हते. रणधवल त्याचे नाव. काळजंघ मांत्रिकाने त्याला शिसवी खुर्ची नजर केली. पाठ उंच, हात रुंद, गादी मऊ. राजा बसला, मागे रेलला, आणि खुर्चीने त्याला कवेत घेतले. लाकूड अंगावर चढू लागले. कंबर गेली, छाती गेली, ते गळ्याशी आले. राजाच्या हातावाचून धरणाचे दरवाजे उघडेनात. शेते करपली.

धाकट्या बहिणीने, इंदुलेखेने, खुर्चीवर कुऱ्हाड घातली, तर लाकडातून राजाचे रक्त आले. कुऱ्हाड टाकून ती तिथेच रडत बसली.

तेव्हा खिडकीत सुतारपक्षी आला. म्हणाला, "राजकन्ये, या खुर्चीचा जीव मांत्रिकाच्या हातातल्या जादूच्या दंडात आहे. त्याच्या गुहेत जा. तो तीन संकटे घालील, ती बसून सोस. उठलीस तर तूही लाकूड होशील. आसन मात्र आपले ने."

"कोणते नेऊ?"

"तुझ्या भावाला कशाने धरले ते बघ."

तिने बघितले. पाठीने धरले होते, हातांनी धरले होते. ती मुदपाकखान्यात गेली, तीन पायांची ओबडधोबड तिवई उचलली आणि निघाली.

गुहेत काळजंघ आपल्या खुर्चीत बसला होता. तो हसला. "राजकन्या, आणि तिवईवर?"

"बसणार मी आहे. आरंभ करावा."

त्याने झोपेचा धूर सोडला. इंदुलेखेचे डोळे मिटले, ती मागे टेकायला गेली, तर मागे काहीच नव्हते! तोल जाताच ती दचकून जागी झाली. पुन्हा डुलकी, पुन्हा जाग. शेवटी धूरच विरला.

मांत्रिकाने दंड आपटला. जमिनीला लाटा आल्या. त्याचीच चार पायांची खुर्ची डुगडुगू लागली, एक ना एक पाय अधांतरी. तिवईचे तीन पाय मात्र उंचसखल जमिनीवर घट्ट टेकले.

मग मांत्रिक दिसेनासा झाला. समोरून भावाचा आवाज आला, "इंदू, लाकूड ओठांशी आले गं! धावत ये!"

तिच्या काळजाचे पाणी झाले. गुडघे उठायला निघाले. तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. "दादा, जरा कळ काढ," ती रडत म्हणाली.

इतक्यात मागे श्वास ऐकू आला. खुर्ची असती तर पाठ आड आली असती. तिवईला ना पुढा ना मागा. बसल्या जागी ती गर्रकन फिरली, उगारलेला दंड धरला आणि मांडीवर कडकन मोडला. मांत्रिकाचा भुसा झाला.

ती धापा टाकत राजवाड्यात पोचली. खुर्चीच्या ढलप्या पडल्या होत्या आणि राजा खांबाला धरून उभा होता.

"दादा, चालवेल?"

"चालवेल. आधी धरणाकडे."

तो चालला. लोक दुतर्फा उभे राहिले, नगारे झडले. त्याने हात लावताच दरवाजे उघडले आणि पाणी गर्जत शेतांत शिरले.

राजाची पावले मोकळी झाली, तशी ऐकणाऱ्यांची अडलेली पावलेही मोकळी होवोत.